पोट बाहेर काढून जेवणारा नातलग

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली, की खडकांवर जांभळे आणि नारिंगी तारामासे उघडे पडतात. पायसास्टर हे त्यांच्या प्रजातीचं नाव. पाच जाड भुजा, पाठीवर पांढऱ्या खड्यांची खरबरीत नक्षी, आणि हालचाल इतकी मंद की पाहणाऱ्याचा धीर सुटावा. बहुतेक जण खडकाला सपाट चिकटून असतात. एखादाच मधोमध कमान करून उचललेला दिसतो. तो जेवत असतो. खाली वाकून पाहिलं तर त्याच्या भुजांत धरलेला एक मसल जातीचा शिंपला दिसतो, आणि त्या शिंपल्याच्या फटीतून आत शिरलेला एक पातळ, ओलसर पडदा. तो पडदा म्हणजे तारामाशाचं जठर. तोंडावाटे बाहेर काढलेलं, उलटं केलेलं, आणि दुसऱ्याच्या घरात घुसवलेलं.

शिंपला उघडणं सोपं नाही, हे कोकणातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात कळतं. तिसऱ्या उघडायला विळी तरी लागते, नाहीतर उकळत्या पाण्याची वाफ तरी. आतल्या प्राण्याचे स्नायू दोन्ही शिंपा घट्ट ओढून धरतात आणि धोका टळेपर्यंत सोडत नाहीत. तारामाशाकडे विळीही नाही आणि वाफही नाही. त्याच्याकडे आहेत भुजांच्या खालच्या बाजूला ओळीने असलेले शेकडो नलिकापाद. शरीरात घेतलेल्या समुद्राच्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या या नळ्या एकेकट्या अगदी दुबळ्या, पण सगळ्या मिळून तासन्‌तास ओढ कायम ठेवू शकतात. त्यांच्या टोकांना चकत्या असतात आणि त्या रबरी चोखणीसारख्या हवेच्या दाबाने चिकटतात, असं पुष्कळ वर्षं शिकवलं जायचं. आता कळलंय ते असं, की पकड मुख्यतः गोंदाची आहे. नलिकापाद प्रथिनांचा एक चिकट स्राव सोडतात आणि सोडवायची वेळ आली की दुसरा स्राव सोडून तो गोंद ढिला करतात. खडकावरून तारामासा सरकला की त्याच्या पावलांचे ठसे मागे राहतात, ते याच गोंदाचे.

या ओढाताणीत शिंपला सताड उघडावा लागतच नाही. 0.1 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे साधारण वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी. तेवढ्यातून जठराची घडी आत सरकते आणि पाचकरस सोडायला लागते. आतला प्राणी जिवंत असतानाच विरघळायला लागतो. मग त्याचे शिंपा धरून ठेवणारे स्नायूच पचून जातात आणि दार आपोआप उघडतं. या कामाला कित्येक तास लागतात. अर्धवट पचलेला रस्सा जठराच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म पक्ष्माभिका हलवत हलवत आत नेतात, आणि सगळं आटोपलं की स्नायू आणि तंतुबंध जठराला ओढून पुन्हा जागेवर बसवतात. खाली उरतात दोन रिकाम्या, स्वच्छ शिंपा.

या जेवणाचा किनाऱ्यावर काय परिणाम होतो, हे परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी दाखवून दिलं. 1963पासून त्यांनी याच किनाऱ्यावरच्या खडकाच्या एका पट्ट्यातून पायसास्टर उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. मसल शिंपल्यांना खाणारंच कोणी उरलं नाही, आणि त्यांनी पाहता पाहता खडक बळकावला. तिथं आधी 15 जातींचे जीव होते, त्यातले 8 राहिले. परिसंस्थेच्या अभ्यासात ‘कीस्टोन’ जाती, म्हणजे जी काढली की बाकीच्यांचा तोल ढळतो अशी जाती, ही कल्पना आली ती या प्रयोगांतून.

आता तारामाशाच्या आत डोकावू. मधल्या तबकडीच्या खालच्या बाजूला मधोमध तोंड. त्याच्यावर लगेच मोठं, घड्याघड्यांचं खालचं जठर. बाहेर पडतं ते हेच. त्याच्यावर चपटं, लहान असं वरचं जठर. इथून प्रत्येक भुजेत एकेक नळी जाते आणि त्या भुजेतल्या पाचकग्रंथींच्या जोडीला मिळते. पाच भुजा, म्हणून दहा ग्रंथी. पुढे अगदी आखूड आतडं आणि पाठीवर एक बारीकसं गुदद्वार. तारामाशाची भुजा उघडून पाहिली तर ती बरीचशी या पाचकग्रंथींनीच भरलेली असते, आणि विणीच्या हंगामात त्यांच्या शेजारी प्रजननग्रंथी वाढत जातात. अनेक जातींत या दोघींचं उलट नातं असतं. अंडी-शुक्राणू तयार व्हायला लागले की पाचकग्रंथी रोडावतात, कारण साठवलेला मेद आणि प्रथिनं तिथूनच काढली जातात. विकरं तयार करायची, पचलेलं शोषून घ्यायचं आणि वर साठाही करायचा, ही तिन्ही कामं तारामासा या एकाच अवयवाकडून करून घेतो. महिनोन्‌महिने उपाशी राहायची त्याची ताकद या साठ्यात आहे.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? साधं कारण असं, की त्याला दात नाहीत, जबडा नाही, आणि तोंड भक्ष्याच्या मानाने लहान आहे. त्याच्याच कंटकचर्मी संघातल्या सी-अर्चिनला पाच दातांचं भक्कम यंत्र मिळालं आहे, आणि तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. तारामाशाच्या वाट्याला तसलं काही आलं नाही. अर्थात सगळेच तारामासे पोट बाहेर काढत नाहीत. कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यावर फिरताना कडेला काट्यांची झालर असलेला, चपट्या भुजांचा तारामासा सापडला, तर तो बहुधा ॲस्ट्रोपेक्टेन असतो. तो वाळूत रुततो आणि लहान गोगलगायी, शिंपले अख्खे गिळतो. त्याच्या नलिकापादांना टोकाला चकत्या नसतात, आणि त्याला गुदद्वारही नसतं. आत गेलेल्या शंख-शिंपल्यांतलं मांस पचलं की रिकामी कवचं आल्या वाटेनेच, म्हणजे तोंडातूनच, बाहेर टाकली जातात. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण त्याचं काही अडत नाही.

पोट बाहेर काढून जेवणं हा प्रकार विचित्र वाटतो, कारण पचन ‘आत’ होतं असं आपण धरून चालतो. पण जरा नीट विचार केला तर आपलं पचनही शरीराच्या आत होत नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक सलग नळी आहे आणि तिची पोकळी दोन्ही टोकांना बाहेरच्या जगाला उघडते. जठरात पडलेला घास अजून शरीराच्या बाहेरच असतो. आतड्याच्या पेशींची भिंत ओलांडली, तरच तो आपला. शिवाय अन्नाचं विघटन करणारी विकरं पेशींच्या बाहेर, त्या पोकळीतच काम करतात. तारामासा आपली पोकळी भक्ष्याभोवती पसरवतो, आपण भक्ष्य पोकळीत टाकतो. रसायनशास्त्र दोन्हीकडे बरंचसं एकच.

माणसाच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. 6 जून 1822 रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराचं भोक पोटाच्या कातडीशी जुळून कायमचं उघडं राहिलं. बोमाँट यांनी ती संधी सोडली नाही. 1825पासून ते मांसाचे, भाज्यांचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या भोकातून जठरात सोडायचे आणि ठरावीक वेळाने ओढून पाहायचे. जठरातला रस काढून काचेच्या कुपीत ठेवायचे, त्यात मांसाचा तुकडा टाकायचे आणि कुपी शरीराच्या तापमानाएवढी ऊबदार ठेवायचे. कुपीत वेळ जास्त लागला, पण मांस विरघळलं. पचन म्हणजे जठरात दळणं, शिजणं की कुजणं, हा वाद त्याआधी शतकानुशतकं चालला होता. आपल्याकडे जठराग्नीची कल्पना होती, युरोपातही पचनाला शिजण्यासारखंच मानणारे होते. अग्नी नसला तरी ऊब लागते, एवढं त्या कल्पनेतलं तथ्य कुपीने मान्य केलं. बाकी सगळं काम रसाचं.

1833 साली बोमाँट यांचं पुस्तक आलं आणि ते शरीरशास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले. सेंट मार्टिनला काय मिळालं? वर्षाला 150 डॉलर पगाराचा करार, घरकाम, आणि वारंवार पोटात घुसणारे दोरे. तो चिडला की जठराचं रंगरूप आणि पचन बदलतं, अशी नोंद बोमाँट यांनीच केली आहे. त्याच्या चिडण्याचं कारण मात्र त्यांना कधी प्रयोगाचा भाग वाटलं नाही. 1880मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांनी शव मागू नये म्हणून घरच्यांनी देह मुद्दाम कुजू दिला आणि मगच खोल पुरला. मला त्यांचं बरोबरच वाटतं.

ज्वारीची भाकरी आणि पिठल्याचा एक घास घेऊन आपल्या नळीतून पुढे जाऊ. दातांनी भाकरीचे बारीक तुकडे होतात. तारामाशाला जे काम रसावर सोपवावं लागतं, त्यातलं निम्मं इथेच होऊन जातं. लाळेतलं विकर पिष्टाचं साखरेत रूपांतर करायला लागतं, म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ आपण बिनबोभाट गिळतो. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट यांनी 1824 साली सांगितलं. 1836 साली टेओडोर श्वान यांनी तिथल्या विकराला पेप्सिन हे नाव दिलं. पिठल्यातल्या बेसनाची प्रथिनं या दोघांच्या तावडीत सापडतात. हे आम्ल इतकं तीव्र असतं की जठराला स्वतःच्या भिंतीवर श्लेष्माचा थर आणि बायकार्बोनेटचं संरक्षण सतत ठेवावं लागतं, आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच बदलत राहाव्या लागतात. समुद्राच्या पाण्यात उघड्यावर जेवणाऱ्या तारामाशाला असलं आम्ल परवडणारं नाही. ते पाण्यातच वाहून जाईल. त्याची विकरं सौम्य वातावरणात काम करतात.

जठरातून लापशी झालेला घास थोडा थोडा करून लहान आतड्यात उतरतो, आणि तारामाशाच्या दहा ग्रंथी एकट्याच जे करतात त्याची इथे तीन खात्यांत वाटणी झालेली दिसते. विकरं बनवायची ती स्वादुपिंडाने. पिष्ट, प्रथिनं, मेद, तिघांसाठीही. शोषायचं ते लहान आतड्याच्या अस्तराने. साठवायचं आणि हिशेब ठेवायचा तो यकृताने, आणि फोडणीतलं तेल पचवायला लागणारं पित्तही यकृतानेच बनवायचं. लहान आतड्याचं अस्तर पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल, असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जात होतं. 2014 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी नीट मोजलं तेव्हा अख्ख्या पचननलिकेचं अस्तर 30 चौरस मीटरच्या आसपास भरलं. टेनिसचं मैदान गेलं आणि हाती एका बऱ्यापैकी खोलीएवढं क्षेत्र आलं. तरीही अंकुरांच्या घड्यांत दडलेला हा पसारा काही कमी नाही. रोज सुमारे 9 लिटर द्रव या नळीत येतो. त्यातले 2 लिटर आपण प्यालेले, बाकी शरीराने स्वतःच ओतलेले. आणि जवळपास सगळा परत शोषला जातो.

पित्ताची गोष्ट इथेच सांगायला हवी. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुधा जठरातल्या आम्लाला दोष देत असतो. खरं पित्त हिरवट-पिवळं असतं आणि त्यातले क्षार मेदाच्या थेंबांचे बारीक कण करतात. हेच पित्त एका तारामाशाचा काळ ठरलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर ‘काटेरी मुकुट’ नावाने ओळखला जाणारा तारामासा आपलं जठर जिवंत प्रवाळावर पसरतो आणि मागे पांढरा सांगाडा ठेवतो. एक मोठा तारामासा वर्षाला काही चौरस मीटर प्रवाळ फस्त करतो, आणि त्याच्या झुंडी येतात तेव्हा प्रवाळभिंती ओस पडतात. त्याला मारायला पाणबुडे पूर्वी एका रसायनाच्या अनेक टोचण्या द्यायचे, कारण एखाददुसऱ्या टोचणीला तो दाद देत नसे. नंतर कळलं, की बैलाच्या पित्तातल्या क्षारांची एकच टोचणी पुरते. पुढे साधं व्हिनेगरही चालतं असं दिसून आलं. जठर बाहेर काढून प्रवाळ पचवणाऱ्याला दुसऱ्या प्राण्याच्या पाचकरसाने संपवायचं! कल्पना सुचली त्या संशोधकांचं कौतुक करावं की तारामाशाची कीव करावी, हे माझं अजून ठरलेलं नाही.

जठर बाहेर कधी काढायचं आणि आत कधी घ्यायचं, हे त्याला सांगतं कोण? त्याला मेंदू नाही. तोंडाभोवती चेतातंतूंचं कडं आणि भुजांमध्ये चेतारज्जू, एवढंच. आपल्या पचनातल्या अशाच एका प्रश्नाचं, म्हणजे स्वादुपिंडाला रस सोडायचा निरोप कोण देतं याचं, उत्तर 1902 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञांनी शोधलं. कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याला जाणाऱ्या चेता तोडूनही त्यात आम्ल घातलं की स्वादुपिंड रस सोडत होतं. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या निरोप्याचं नाव सिक्रेटिन, सापडलेलं पहिलं संप्रेरक. तारामाशातले असे निरोपे लंडनच्याच क्वीन मेरी विद्यापीठात मॉरिस एल्फिक आणि त्यांचे सहकारी शोधत आले आहेत. त्यांना 2013 साली एक लहान पेप्टाइड सापडलं, जे टोचलं की बाहेर पडलेलं जठर आत जातं. माणसात चिंता आणि जागरूकतेशी संबंध असलेल्या एका पेप्टाइडचं ते नातेवाईक निघालं. 2019 साली उलट काम करणारंही मिळालं. ते टोचल्यावर भक्ष्य समोर नसतानाही तारामासा कमान करून जठर बाहेर काढतो. हे दुसरं पेप्टाइड ऑक्सिटोसिनच्या कुळातलं आहे, तेच ऑक्सिटोसिन जे बाळंतपणात गर्भाशय आकुंचित करतं आणि आईला पान्हा फुटायला मदत करतं.

एवढं साम्य योगायोगाने येत नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत पेशींच्या गोळ्याला एक भोक पडतं. कीटक, गोगलगाय, ऑक्टोपस हे ज्या शाखांत येतात तिथे या भोकाचं बहुधा तोंड होतं, असं जुनं सर्वसाधारण वर्णन आहे; कंटकचर्मी आणि पृष्ठवंशी प्राण्यांत त्याचं गुदद्वार होतं आणि तोंड नंतर दुसरीकडे उघडतं. प्राण्यांच्या वंशवृक्षात तारामासा ऑक्टोपसपेक्षा आपल्याला जवळचा आहे, त्याच्याकडे डोकं नसलं तरी. त्याचा डिंभ, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, तर आपल्यासारखाच डावा-उजवा असतो: पारदर्शक, पोहणारा, तोंड, जठर, आतडं, गुदद्वार सगळं ओळीने. पुढे तो तळाशी बसतो, शरीराची मोडतोड करून डाव्या बाजूची खालची बाजू करतो आणि पाच भुजांचा होतो.

त्या पारदर्शक डिंभानेच पचनाच्या अभ्यासाला एक अनपेक्षित वळण दिलं. 1882च्या डिसेंबरात सिसिलीतल्या मेसिना गावी प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती. अन्न स्वतःच्या आत घेऊन पचवणाऱ्या भटक्या पेशींचा ते आधीपासून अभ्यास करत होते. त्यांना सुचलं, की याच पेशी शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूवरही धावून जात असतील. त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून डिंभांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यांभोवती पेशींचा गराडा पडला होता. भक्षक पेशींची, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या एका मोठ्या भागाची, ओळख अशी पटली. 1908 साली मेचनिकॉफ यांना पाउल एर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

उतारवयात मात्र त्यांनी मोठ्या आतड्यावर डूख धरला. तिथले जंतू विषं तयार करतात आणि म्हणून माणूस लवकर म्हातारा होतो, असं ते सांगायचे आणि स्वतः नेमाने आंबवलेलं दूध प्यायचे. मोठं आतडं काढूनच टाकावं, या मताचे सर्जनही त्या काळी लंडनमध्ये होते आणि त्यांनी खरोखर काढलीही. तारामाशाला त्यांच्याकडे जावं लागलं नसतं. शिंपा बाहेर टाकून फक्त रस्सा आत घेणाऱ्याला आतडं नावापुरतंच पुरतं. आपण मात्र भाकरी कोंड्यासकट गिळतो, आणि ज्वारीचा कोंडा आपली कुठलीही विकरं फोडू शकत नाहीत. तो दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात पोचतो तेव्हा मेचनिकॉफ यांनी ज्यांना विषारी ठरवलं त्याच जंतूंच्या हाती पडतो. ते त्याला आंबवून लहान मेदाम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. पिठल्याचं बेसन, तेल आणि भाकरीचं पिष्ट रक्तात गेल्यानंतरही घासाचा हा शेवटचा भाग तिथे एखादा दिवस, कधी दोन दिवस, कामाला येत राहतो.